कोलू पाटलाचा तलाव

गेले बरेच दिवस नवेगावबांधच्या प्रवासाबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत होतो. फोटो नातेवाइकांत फिरून झाले, "वाघ दिसला का?" हा प्रश्न विचारून सगळ्यांचा झाला (नाही दिसला), आणि मग नेहमीप्रमाणे राहून गेलं. परवा आमच्याकडं परळीला चार दिवसांनी नळ आला, भांडी भरता भरता तो तलाव पुन्हा डोळ्यांपुढं उभा राहिला. म्हटलं, आता बसूच लिहायला.

तर २०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. वडिलांनी पंच्याहत्तरी गाठली होती. पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, जन्मलेला हा माणूस. १९७१ मध्ये परळी थर्मलचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा तिथं चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाले, "नवेगावबांध बघायचंय. आणि रेल्वेनं नाही, रस्त्यानं." कारण विचारायची गरज नव्हती. त्यांच्या उशाशी मारुती चितमपल्लींची पुस्तकं असतात. घरातली 'नवेगावबांधचे दिवस'ची प्रत पानं सुटून तीनदा शिवलेली आहे. परळीच्या क्वार्टरमध्ये, कोळशाच्या धुरळ्यात, खिडक्या बंद करून हा माणूस वर्षानुवर्षं करकोचे आणि बदकं वाचत आला.

मग बाबांनी दुसरी अट घातली. "मामाला पण घेऊ."

इथं घरच्या मंडळींचे कान टवकारले असतील. बाहेरच्यांसाठी थोडं मागचं सांगतो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याची शेती गोदाकाठी, गंगाखेडच्या अलीकडं. २०१२-१३ चा दुष्काळ आठवत असेल. जायकवाडी तळाला गेलं, माजलगाव तळाला गेलं. थर्मलला पाणी येतं ते सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून, आणि त्या बंधाऱ्यात पाणी यायचं तर वरून सुटायला हवं. वरच नाही तर सुटणार कुठून? २०१३ च्या सुरुवातीला संच बंद पडले. त्याच उन्हाळ्यात मामाच्या शेताखालचा डोह आटला आणि नऊ वर्षं जपलेली मोसंबीची बाग उभी वाळली. एका लग्नाच्या पंगतीत विषय निघाला. वीज आधी की शेत आधी, असा. मामा म्हणाला, शेत. बाबा म्हणाले, विजेशिवाय मोटार चालते का? इथवर ठीक होतं. पण मग बाबा बोलून गेले, "दुष्काळी भागात मोसंबी लावायला सांगितली होती कुणी?"

मामा ताटावरून उठला. त्यानंतर दहा वर्षं दोघं एकमेकांच्या दारी गेले, दिवाळी झाली, कार्यं झाली, पण बोलणं 'बरं आहे ना' याच्या पुढं गेलं नाही. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी अख्खं थर्मल बंद झालं तेव्हा बाबा निवृत्त होते, तरी आठ दिवस जेवणावर वासना नव्हती. तेव्हा मामा भेटायला आला होता. बसला, चहा घेतला, गेला. पाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

तर असे हे दोन म्हातारे मागच्या सीटवर, मध्ये आईनं दिलेला दशम्यांचा डबा. पुढं मी आणि माझा पुतण्या. परळी ते नवेगावबांध हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गानं कारंज्यापासून नागपूर म्हणजे झोप काढेपर्यंत येतं, पण बाबांना जुना रस्ता हवा होता. "रस्ता दिसला पाहिजे," म्हणाले. बरं.

पहाटे वैद्यनाथाच्या पायऱ्यांना नमस्कार करून निघालो. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ. त्यांनी देवळं बांधली हे सगळे सांगतात, पण जिथं देऊळ तिथं विहीर नाहीतर कुंड, ही त्यांची रीत फारशी कुणी सांगत नाही. गंगाखेडला मामाला घेतलं, गोदावरी ओलांडली. डिसेंबरातच पात्रात वाळू दिसत होती. मागं दोघंही आपापल्या खिडकीतून तीच वाळू बघत होते. आरशात मला ते दिसलं, मी गाणी लावली.

परभणी, औंढा नागनाथ, हिंगोली. हिंगोली आता शांत गाव वाटतं, पण निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा, आणि पगाराचा बोजा निजामाच्या खजिन्यावर. तो थकत गेला आणि १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. तेव्हापासून पैनगंगा ही नुसती नदी राहिली नाही. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी. हिंगोलीहून वाशिमला जाताना कानेरगाव नाका लागतो. पुतण्या म्हणाला, नाका कुठाय? आता फक्त नावात आहे. आमचं बालपण ज्या गोष्टींवर गेलं त्यातली एक अशी की रझाकारांच्या दिवसांत सीमेलगतच्या गावांतली माणसं रातोरात नदी ओलांडून वऱ्हाडात जायची. पुलावरून जायला आम्हाला मिनिटही लागलं नाही. बाबा मात्र वळून मागं बघत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून निघून आणि विदर्भ मध्यप्रदेशातून निघून एकाच मुंबई राज्यात आले, म्हणजे आपण आणि पलीकडचे शेजारी एका घरात राहायला लागून एक आयुष्यभर एवढाच काळ झालाय. ही गोष्ट पुढं उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

कारंज्याला एक विनोद झाला. विदर्भात कारंजे दोन, एक लाड आणि एक घाडगे. फोनवरच्या नकाशाला आमच्या पुतण्यानं कोणतं सांगितलं देव जाणे, आम्ही वीस किलोमीटर भलतीकडं गेलो. तिथंच टायर बसलं. स्टेपनी चढवताना मामा जॅक धरून, बाबा नट हातात धरून, आणि दोघं एकमेकांना "हां, आता द्या", "जरा थांबा" असं म्हणत होते. दहा वर्षांतलं हे सर्वांत मोठं संभाषण. मी मुद्दाम हळूहळू नट आवळले. :)

रात्री नागपूर. दुसऱ्या दिवशी भंडारा, लाखनी, साकोली. इथून देश बदलतो. काळी माती संपते, लालसर सुरू होते. धान कापून झालेल्या बांध्या, मध्ये मोहाची झाडं, आणि पाणी. दर दोन-तीन गावांमागं एक तलाव. मामा पहिल्यांदा मोजत होता. अकरापर्यंत मोजले, मग सोडून दिलं. डिसेंबर, आणि पाणी पाळीला टेकलेलं! आमच्याकडं परळीत लहानपणी ज्या तळ्यात बाराही महिने काही ना काही असायचं ते थर्मलचं राखेचं तळं. हे मी पुतण्याला सांगितलं तर तो हसला, बाबा नाही हसले.

नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं. क्षेत्रफळ १३४ चौरस किलोमीटरच्या जवळपास. २०१३ च्या डिसेंबरात नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. पण उद्यान पन्नास वर्षांचं असलं तरी त्याचं काळीज म्हणजे तो तलाव, आणि तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसानं बांधलेला. पाणी पसरलंय ते सुमारे अकरा चौरस किलोमीटर. मी आकडे वाचून गेलो होतो, तरी पाळीवर चढल्यावर तोंडातून शब्द फुटेना. सात टेकड्या भोवती, त्यांना सातबहिणी म्हणतात. आणि मध्ये हे एवढं पाणी, त्यावर बदकांचे ठिपके.

आता यातली करामत बघा. कोलू पाटलानं पाणी चारी बाजूंनी कोंडलं नाही. टेकड्या होत्याच. टेकड्यांमधल्या खिंडी शोधायच्या आणि तेवढ्याच मातीच्या पाळीनं बुजवायच्या. कमीत कमी माती, जास्तीत जास्त पाणी. सिमेंट नाही, दुर्बीण नाही. पाणी सोडायला पाळीत तुडूम, जादा पाणी वाहून जायला कडेनं वाट. ते वाहिलेलं पाणीही वाया नाही, खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत, तिथून धानाच्या बांधीत. बाबा आयुष्यभर पंप, पाइप आणि कूलिंग टॉवरच्या संगतीत राहिलेले. पाळीवर बसून पुतण्याला काडीनं मातीत आकृती काढून दाखवत होते. म्हणाले, "एकसुद्धा मोटार नाही बघ यात. सगळं उतारावर."

हे कोहळी कोण? तलाव बांधणारी आणि ऊस पिकवणारी जात म्हणून भंडारा-चांदा भागात त्यांची ख्याती. गोंड राजांच्या काळात ते या मुलखात आले, बनारसकडून आणले गेले, असं ते स्वतःच्या मुळाबद्दल सांगतात. चांद्याच्या गोंड राजांची एक रीत सांगितली जाते. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. विचार करा, किती हुशारीची अट आहे! पाळ कच्ची बांधली तर जमीन कमी भिजणार. तलाव गाळानं भरू दिला तर नातवाची जमीन कोरडी पडणार. म्हणजे बांधण्याइतकंच राखण्यालाही बक्षीस होतं.

पुढं भोसले आले, मग इंग्रज. इंग्रजांनी गावप्रमुखांना मालगुजार केलं, तलाव त्यांच्या मालकीचे झाले. मध्यप्रदेशानं १९५० साली कायदा करून मालगुजारी संपवली, ३१ मार्च १९५१ पासून हे हजारो तलाव सरकारजमा झाले. सरकारी भाषेत तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. (आमच्या मामानं हे नाव ऐकून पहिल्यांदा मोकळं हसून घेतलं.) मालगुजारी काही रामराज्य नव्हतं. पाळीवर माती टाकणारे हात वेगळे आणि पाण्याचे मालक वेगळे, हे तिथंही होतंच. ती गेली ते बरंच झालं. पण मालक गेला तेव्हा राखणदारही गेला. गाळ कुणी काढायचा, तुडूम कुणी दुरुस्त करायचं, पाळीवरचं झाड कुणी तोडू द्यायचं नाही, ही रोजची कामं कागदावर विभागाची झाली आणि प्रत्यक्षात कुणाचीच राहिली नाहीत. कितीतरी तलाव गाळानं उथळ झाले, बेशरमीनं भरले. गेल्या काही वर्षांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि तिथल्या अभ्यासकांनी ती बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावायला घेतल्यात, माशांच्या देशी जाती परत आणायचा प्रयत्न चालवलाय. ज्यांची चूल तलावावर चालते त्यांनाच अखेर तलाव आठवला.

पाळीवर कोलासुर देवाचं ठाणं आहे. हा कोलासुर म्हणजेच कोलू पाटील. लोकांनी त्याचा देव केला. सातबहिणींच्या आशीर्वादानं पाळ टिकली आणि त्यांच्यातल्या एका देवीचे पाय पाळीखाली आहेत अशी श्रद्धा. तिथं एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. विचारलं, "कुठून आले जी तुम्ही?" मी म्हटलं, परळी वैजनाथ. "ज्योतिर्लिंगवाले का जी? मोठा देव आहे तुमचा." मामा पटकन म्हणाला, "देव मोठा आहे, पण पाणी नाही. तुमच्या देवानं तळं बांधलं."

ते गृहस्थ हसले. "आमचा देव माणूसच होता जी. पाटील होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे जिप्सीतून जंगलात. रानगवे दिसले, चितळं दिसली, एका ओढ्याच्या ओल्या वाळूत वाघाचे ताजे पंजे दिसले, आणि पुतण्याचं समाधान त्यावरच मानून घ्यावं लागलं. बाबांना वाघाचं काही नव्हतं. चितमपल्ली इथं वनाधिकारी होते तेव्हा त्यांच्या सोबत जंगल हिंडणारे माधवराव पाटील डोंगरवार कुठल्या वाटेनं जायचे, ते बाबा गाइडला विचारत होते. माधवराव याच गावचे. या जंगलाचं ज्ञान कचेरीत नव्हतं, अशा माणसांत होतं, आणि चितमपल्लींचं मोठेपण हे की त्यांनी ते वाकून घेतलं आणि नाव घेऊन लिहिलं. (चितमपल्ली १८ जून २०२५ ला सोलापुरात गेले. त्या दिवशी बाबांनी ते शिवलेलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.)

अर्थात उद्यान झालं म्हणजे कुणाचं काहीतरी गेलंच. ज्या रानात गुरं चरायची, मोहफुलं वेचायची, तिथं फाटक आलं. तलाव गावानं बांधला आणि आता तो बघायला परळीहून आलेला मी तिकीट काढून जातो. पक्षी वाचले, जंगल वाचलं, हेही खरंच. मला याचा सोपा निकाल लावता येत नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा पाळीवर बसलो होतो. मी म्हटलं, यांचं काय, यांच्याकडं पाऊस आपल्या दुपटीच्या आसपास. आपल्याकडं सातशे मिलिमीटर पडला तर पेढे वाटायचे. खाली खडक वेगळा, पीक वेगळं. तुलना कशाला करायची?

बाबा म्हणाले, "पाऊस नाही म्हणून सांगू नको. बीडला खजाना विहीर आहे ना?"

आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानानं बांधवून घेतलेली. आखणी करणारा राजा भास्कर. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी खेळवून दूरवरची शेतं भिजवणारी, तीही उतारावर, मोटारीशिवाय. भल्याभल्या दुष्काळांत ती आटली नाही म्हणून तिची ख्याती. म्हणजे सातशे मिलिमीटरच्या मुलखातला शहाणपणाही आपल्याकडं होता. त्यांनी डोंगरात साठवलं, आपल्याकडच्यांनी जमिनीखाली शोधलं. जिथं जशी भूमी तशी युक्ती.

"फरक एवढाच," बाबा म्हणाले, "यांनी कोलू पाटलाचा देव केला. राजा भास्कर कोण हे आपल्या नातवाला माहीत नाही. मलाही साठीनंतर कळलं. मी पस्तीस वर्षं पाण्याची वाफ केली, पण पाणी येतं कुठून ते विचारलं नाही. बंधाऱ्यात आहे ना, मग झालं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. पाण्यावरून बदकांचा एक थवा उठला, टेकडीच्या सावलीत गेला. मग बाबा मामाकडं न बघता म्हणाले, "मोसंबीचं मी बोललो ते चुकलं होतं."

मामानं तंबाखू मळणं थांबवलं नाही. म्हणाला, "दाजी, खरं म्हणजे ते तसं चुकीचं नव्हतं. पण माझं झाड वाळत होतं हो."

एवढंच. मिठ्या वगैरे काही नाही. आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. परतताना मात्र मागच्या सीटवरून कारंज्यापर्यंत अखंड बोलणं चालू होतं, आणि बहुतेक सगळं पाण्याचं. पैनगंगेच्या पुलावर दोघांनी मला गाडी हळू घ्यायला लावली.

गेल्या उन्हाळ्यात मामानं शेताच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या दोन टेकाडांमध्ये मातीची एक छोटी पाळ घातली. मशीन लावलं एकच दिवस, उरलेलं घरच्यांनी. जागा बाबांनी हिंडून, उतार बघून काढून दिली. पहिल्या पावसात ती एका कडेनं फुटली, दोघांनी भांडत भांडत पुन्हा बांधली. आम्ही तिला 'मामा तलाव'च म्हणतो. गुडघाभर पाणी दिवाळीपर्यंत टिकलं, आणि एक दिवस त्यात कुठूनसं एक बगळा येऊन उभा राहिला. बाबांनी परळीला फोन करून ते मला सांगितलं, आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, "वहीत तारीख लिहून ठेव."

लिहून ठेवलीय.